लिंकरने भरायच्या रिकाम्या जागा: ऑब्जेक्ट फाइल उघडून बघायला शिकूया

सी शिकायला लागून महिना-दोन महिने झाले, प्रोग्रॅम एका फाइलमधून दोन फाइलींत गेला, की एक दिवस स्क्रीनवर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ येतं आणि त्याखाली ‘कलेक्ट२: एरर: एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस’. मुलं लगेच कोडकडे वळतात. सेमीकोलन तपासतात, कंस मोजतात, हेडर पुन्हा जोडून बघतात. गेली काही वर्षं नवशिक्यांच्या शेजारी बसून मी हे बघत आलो आहे आणि दर वेळी एकच गोष्ट सांगतो: कंपायलरचं काम इथे संपलेलं आहे. तुमचा कोड त्याने स्वीकारला. तक्रार लिंकरची, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडून एक प्रोग्रॅम करणाऱ्या साधनाची आहे. आणि लिंकरच्या तक्रारी बहुतेक वेळा एकाच प्रश्नापाशी येतात: हे नाव कोण मागतंय, आणि ते कोण देतंय?

हा प्रश्न थेट फाइललाच विचारता येतो. त्याची अवजारं ग्नू प्रकल्पाच्या ‘बिनयुटिल्स’ या संचात आहेत आणि तुमच्या लिनक्सवर जीसीसी असेल तर तीही आधीच येऊन बसलेली आहेत. एलडी हा लिंकर, एएस हा असेंब्लर, आणि त्यांच्याबरोबर एनएम, ऑब्जडंप, रीडएल्फ, एआर, साइझ, स्ट्रिप, ऑब्जकॉपी अशी छोटी छोटी साधनं. सगळी एकदम शिकायची गरज नाही. एनएम आणि ऑब्जडंप नीट हातात बसली की बाकीची गरजेप्रमाणे येतात.

तयारी

उबुंटू किंवा डेबियनवर ‘सूडो ॲप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल’ एवढं पुरतं. विंडोजवर असाल तर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) चालू करून त्यात उबुंटू घ्या. मॅकवर एनएम, साइझ, स्ट्रिप याच नावांची साधनं असतात, पण तिथल्या फाइलींचा साचा मॅक-ओ हा वेगळा आहे, त्यामुळे खाली दिलेलं सगळं जसंच्या तसं दिसणार नाही. पहिल्यांदा शिकताना लिनक्सच बरं.

या लेखातल्या कमांड आपण तोंडाने म्हणतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करायच्या. मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे.

आता दोन फाइली करा. मुख्य.सी मध्ये मेन हे फंक्शन; त्यात बेरीज या फंक्शनला दोन आणि तीन हे आकडे द्यायचे आणि आलेलं उत्तर प्रिंटएफने छापायचं. बेरीजची व्याख्या मात्र इथे लिहायची नाही, वर फक्त तिची घोषणा लिहायची. दुसरी फाइल बेरीज.सी, तिच्यात दोन इंट घेऊन त्यांची बेरीज परत करणारं फंक्शन, बाकी काही नाही. घोषणा विसरू नका. पूर्वी जीसीसी अशा चुकीवर नुसती ताकीद देऊन पुढे जायचा, २०२४ साली आलेल्या जीसीसी १४ पासून तो तिथेच थांबतो.

जोडण्याआधी थांबा

आपण एरवी ‘जीसीसी मुख्य.सी बेरीज.सी’ असं एका दमात लिहितो आणि मधलं सगळं नजरेआड जातं. या वेळी मध्येच थांबायचं आहे:

जीसीसी -सी मुख्य.सी
जीसीसी -सी बेरीज.सी

‘-सी’ म्हणजे कंपाइल कर, पण जोडू नकोस. आता फोल्डरमध्ये मुख्य.ओ आणि बेरीज.ओ अशा दोन ऑब्जेक्ट फाइली दिसतील. त्यांच्यात प्रोसेसरला कळणाऱ्या सूचना आहेत, पण त्या अजून चालवता येत नाहीत. का, ते बघू.

रीडएल्फ -एच मुख्य.ओ

पहिल्याच ओळीत ७एफ ४५ ४सी ४६ हे चार बाइट दिसतील. त्यातले शेवटचे तीन म्हणजे ई, एल, एफ या अक्षरांचे आस्की क्रमांक. एल्फ हा फाइलीचा साचा युनिक्स सिस्टिम पाचच्या चौथ्या आवृत्तीबरोबर आला आणि आज लिनक्सवरची जवळजवळ प्रत्येक बायनरी याच साच्यात असते. खाली ‘टाइप’ पुढे ‘आरईएल’ लिहिलेलं असेल, म्हणजे अजून जागेवर न बसवलेली फाइल. एंट्री पॉइंटचा पत्ता शून्य आहे, कारण सुरुवात कुठून करायची हेच अजून ठरलेलं नाही. एवढं बघून पुढे चला, हेडरमधल्या बाकीच्या ओळी आज महत्त्वाच्या नाहीत.

एनएम: मागणारे आणि देणारे

एनएम मुख्य.ओ

तीन ओळी येतील. ‘बेरीज’च्या मागे मोठा यू, ‘मेन’च्या मागे मोठा टी, ‘प्रिंटएफ’च्या मागे पुन्हा मोठा यू. यू म्हणजे अनडिफाइन्ड: हे नाव मी वापरतोय, पण माझ्याकडे नाही, कुणीतरी द्या. टी म्हणजे टेक्स्ट विभागातलं, म्हणजे कोडमधलं नाव, जे या फाइलीकडे आहे आणि बाहेरच्यांनाही मिळू शकतं. आता ‘एनएम बेरीज.ओ’ करा. तिथे एकच ओळ, बेरीज, आणि तिच्यामागे टी.

मागणारा सापडला, देणारा सापडला. लिंकर हेच करतो: सगळ्या फाइलींतली यू अक्षराची नावं गोळा करतो आणि प्रत्येकासाठी देणारा शोधतो. देणारा नाही मिळाला तर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’, दोन मिळाले तर ‘मल्टिपल डेफिनिशन’.

आणखी थोडी अक्षरं ओळखून ठेवा. डी म्हणजे सुरुवातीची किंमत दिलेला ग्लोबल डेटा. बी म्हणजे बीएसएस, सुरुवातीला शून्य किंमत असणारा डेटा. आर म्हणजे फक्त वाचायचा डेटा. डब्ल्यू म्हणजे कच्चं नाव, दुसऱ्या कुणी पक्कं दिलं तर ते बाजूला होतं. आणि सगळ्यात उपयोगी खूण: अक्षर छोटं असेल, म्हणजे टी ऐवजी छोटा टी, तर नाव फाइलीत आहे पण खासगी आहे. फंक्शनच्या आधी ‘स्टॅटिक’ लिहिलं की असं होतं. ‘फंक्शन तर लिहिलंय, मग सापडत का नाही?’ या प्रश्नाचं उत्तर कितीतरी वेळा त्या छोट्या अक्षरात असतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर गोंधळ उडेल. प्रिंटएफला नुसतं एक वाक्य आणि शेवटी नव्या ओळीचं चिन्ह दिलंत, तर एनएममध्ये प्रिंटएफ दिसणारच नाही, तिथे ‘पुट्स’ दिसेल. जीसीसी तेवढी अदलाबदल स्वतःच करतो. म्हणून वर उत्तराचा आकडा छापायला सांगितला.

रिकाम्या जागा भरा

आता सगळ्यात सुंदर भाग. इथे घाई करू नका.

ऑब्जडंप -डीआर मुख्य.ओ

‘डी’ म्हणजे सूचना वाचता येतील अशा उलगडून दाखव, ‘आर’ म्हणजे रिलोकेशनच्या नोंदीही सोबत दाखव. (इंटेलच्या पद्धतीची मांडणी सवयीची असेल तर ‘-एम इंटेल’ जोडा, यातला एम मोठा.) इंटेल किंवा एएमडीच्या ६४-बिट मशीनवर मेनच्या आत एके ठिकाणी हे बाइट दिसतील: ई८ ०० ०० ०० ००. ई८ म्हणजे ‘कॉल’ची सूचना आणि पुढचे चार बाइट म्हणजे किती अंतरावर उडी मारायची तो आकडा. तो आकडा शून्य आहे.

शाळेतल्या ‘रिकाम्या जागा भरा’ची आठवण ठेवा. कंपायलरला मुख्य.सी एकट्या फाइलीपुरतंच माहीत आहे, बेरीज कुठे जाऊन बसणार हे त्याला कळायचा मार्गच नाही. म्हणून त्याने चार बाइटांची जागा मोकळी सोडली आणि तिच्याखाली चिठ्ठी लिहिली: आर_एक्स८६_६४_पीएलटी३२, बेरीज, वजा चार. या चिठ्ठीला रिलोकेशन म्हणतात. तिचा अर्थ: या ठिकाणी बेरीजपर्यंतचं अंतर भर, आणि भरताना चार वजा कर.

चार का वजा करायचे? प्रोसेसर उडीचं अंतर मोजतो ते कॉलच्या पुढच्या सूचनेपासून. चिठ्ठी मात्र रिकाम्या जागेच्या सुरुवातीला चिकटवलेली असते, आणि ती जागा चार बाइट लांब आहे. तेवढा फरक वजा चारने भरून निघतो. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून बघा:

जीसीसी मुख्य.ओ बेरीज.ओ -ओ काम
ऑब्जडंप -डी काम

तीच कॉलची ओळ शोधा. शून्यांच्या जागी आता आकडा आलेला असेल. समजा कॉल ११६० या पत्त्यावर आहे (इथले सगळे पत्ते सोळाच्या पायातले). सूचना पाच बाइटांची, म्हणजे पुढची सूचना ११६५ वर. बेरीज ११९० वर बसली असेल तर अंतर सोळाच्या पायात २बी, आणि भरलेले बाइट २बी ०० ०० ००. लहान बाइट आधी, कारण या प्रोसेसरची लिहिण्याची रीत तशी आहे. तुमच्याकडे पत्ते वेगळे असतील, वजाबाकी मात्र जुळलीच पाहिजे. कागदावर करून बघा. लिंकर म्हणजे काय, हे मला अशाच एका वजाबाकीने समजलं, आणि त्यानंतर एरर वाचताना भीती वाटेनाशी झाली.

प्रश्न येतो, की जोडायला थेट एलडी का वापरला नाही. एकदा ‘एलडी मुख्य.ओ बेरीज.ओ’ करून बघा. ‘_स्टार्ट’ हे सुरुवातीचं नाव सापडत नाही अशी ताकीद येईल आणि प्रिंटएफसाठी अनडिफाइन्ड रेफरन्स येईल. मेनच्या आधी धावणारा सुरुवातीचा तुकडा आणि सीची मूळ लायब्ररी या गोष्टी जीसीसी स्वतःहून लिंकरच्या हातात देतो. ‘जीसीसी -व्ही’ लिहून जोडलंत तर ती लांबलचक यादी दिसते. रोजच्या कामात जोडणी जीसीसीकडूनच करून घ्या.

एरर मुद्दाम काढा

आता बेरीज.ओ न देता जोडा:

जीसीसी मुख्य.ओ -ओ काम

जी एरर येईल ती शेवटून वाचा. शेवटची ओळ सांगते की एलडी अडला. वरची ओळ सांगते की मुख्य.ओ मधल्या मेनने बेरीज मागितली आणि कुणी दिली नाही. पुढे खऱ्या प्रकल्पात हीच एरर आली की हे करा (यातला ए मोठा):

एनएम -ए *.ओ | ग्रेप बेरीज

कोणत्या फाइलीत यू आहे आणि कोणत्या फाइलीत टी, ते एका नजरेत दिसेल. टी कुठेच नसेल तर फाइल कंपाइलच झालेली नाही, किंवा नावाचं स्पेलिंग चुकलंय, किंवा स्टॅटिक आडवं आलंय. टी असूनही एरर येत असेल तर ती फाइल जोडणीच्या कमांडमध्ये पोचलेली नाही.

सी आणि सी++ मिसळलं की तिसरीच अडचण येते. बेरीज.सी हीच फाइल जी++ ने कंपाइल करून एनएम चालवा. नाव ‘बेरीज’ राहत नाही, त्याचं ‘_झेड५बेरीजआयआय’ होतं. पाच हा रोमन नावातल्या अक्षरांचा आकडा, आणि शेवटचे दोन आय म्हणजे दोन इंट. सी++ मध्ये एकाच नावाची अनेक फंक्शनं असू शकतात, म्हणून कंपायलर नावातच प्रकार गुंफतो. सीची फाइल साधं ‘बेरीज’ मागते, सी++ ची फाइल हे गुंफलेलं नाव देते, आणि दोघांची गाठ पडत नाही. उपाय: सी++ च्या बाजूला त्या घोषणेवर ‘एक्स्टर्न "सी"’ लिहा. गुंफलेली नावं उलगडून वाचायची असतील तर एनएमला ‘-सी’ द्या, यातला सी मोठा.

‘मल्टिपल डेफिनिशन’ बहुधा हेडरमध्ये ग्लोबल व्हेरिएबल लिहिल्यामुळे येतं. ते हेडर दोन फाइलींनी घेतलं की एकाच नावाचे दोन देणारे होतात. जुन्या कोडमध्ये हे वर्षानुवर्षं खपून गेलेलं असतं आणि नव्या मशीनवर अचानक अडतं, कारण २०२० सालच्या जीसीसी १० पासून नेहमीचं वागणं कडक झालं. हेडरमध्ये ‘एक्स्टर्न’ लिहा आणि व्याख्या एकाच सी फाइलीत ठेवा.

लायब्ररी आणि तिचा क्रम

गणिताच्या फंक्शनांचा अनुभव बहुतेकांना येतो. वर्गमूळाच्या फंक्शनला थेट चार हा आकडा दिला तर प्रोग्रॅम चालतो. वापरणाऱ्याकडून आकडा घेऊन दिला की ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’. पहिल्या वेळी कंपायलरने उत्तर स्वतःच काढून ठेवलं, फंक्शन मागितलंच नाही. दुसऱ्या वेळी खरी मागणी निघाली, आणि ते फंक्शन गणिताच्या वेगळ्या लायब्ररीत आहे, म्हणून ‘-एलएम’ लागतं. दोन्ही वेळा एनएम चालवून यू दिसतो का ते बघा.

स्वतःची लायब्ररी करणं सोपं आहे:

एआर आरसीएस लिबगणित.ए बेरीज.ओ
जीसीसी मुख्य.ओ -एल. -एलगणित -ओ काम

दुसऱ्या ओळीतला पहिला एल मोठा आणि त्याला लागून टिंब, म्हणजे लायब्ररी याच फोल्डरमध्ये शोध. दुसरा एल छोटा. नावातलं ‘लिब’ आणि शेवटचं ‘.ए’ लिंकर स्वतः धरून चालतो.

आता ‘-एलगणित’ मुख्य.ओ च्या आधी लिहून बघा. एरर येईल, आणि हा सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रकार आहे. लिंकर कमांड डावीकडून उजवीकडे वाचतो. ‘.ए’ फाइल म्हणजे ऑब्जेक्ट फाइलींचं गाठोडं. तिच्यापाशी पोचल्यावर तोपर्यंत मागितलेली नावं ज्या तुकड्यांत आहेत तेवढेच तुकडे तो उचलतो आणि पुढे जातो. अजून कुणी काही मागितलेलंच नसेल तर काहीच उचलत नाही. म्हणून मागणारा आधी, देणारा नंतर. दोन लायब्ररी एकमेकींकडे मागत असतील तर एकीचं नाव पुन्हा शेवटी लिहिलं तरी भागतं.

‘.एसओ’ म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना जोडल्या जाणाऱ्या लायब्ररी. त्या कोणत्या लागणार हे ‘रीडएल्फ -डी काम’ मध्ये ‘नीडेड’ या शब्दापुढे दिसतं. यासाठी बरेच जण ‘एलडीडी’ वापरायला सांगतात. स्वतःच्या प्रोग्रॅमवर ते ठीक आहे, पण अनोळखी ठिकाणाहून आलेल्या बायनरीवर एलडीडी कधीही चालवू नका. काही परिस्थितींत त्यामुळे ती बायनरीच चालू होऊ शकते. रीडएल्फ फक्त वाचतो.

आकार, आणि आर्डुइनो

साइझ काम

यात टेक्स्ट, डेटा आणि बीएसएस असे तीन आकडे येतात. दहा लाख इंटांचा ग्लोबल ॲरे सुरुवातीची किंमत न देता लिहा: बीएसएस चाळीस लाख बाइटांनी वाढेल, पण डिस्कवरची फाइल जवळपास तेवढीच राहील, कारण शून्यं साठवायची गरज नसते, किती हवीत एवढंच लिहून ठेवायचं असतं. बीएसएस हे नाव १९५० च्या दशकातल्या आयबीएम ७०४ या संगणकाच्या असेंब्लरपासून चालत आलं आहे.

स्ट्रिप हे साधन नावांची यादी काढून टाकून फाइल लहान करतं. ते प्रोग्रॅमच्या प्रतीवर चालवा, मूळ फाइल जपून ठेवा, नाहीतर पुढे प्रोग्रॅम कोसळला की कोणत्या ओळीवर कोसळला ते शोधायला काही उरत नाही. (ते शोधणारं साधन अ‍ॅड्र२लाइन, आणि त्यासाठी कंपाइल करताना ‘-जी’ हवं.) ‘.ए’ लायब्ररीवर सरसकट स्ट्रिप चालवू नका. नावंच गेली तर ती कुणाला काय देणार? तिथे ‘-जी’ देऊन फक्त डीबगची माहिती काढा.

डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टला आर्डुइनो ऊनो आर३ वापरणाऱ्यांनी तर साइझ रोज बघावं. तिथे हीच साधनं ‘एव्हीआर-’ असं नाव लावून येतात: एव्हीआर-साइझ, एव्हीआर-एनएम, एव्हीआर-ऑब्जकॉपी. तुम्ही अपलोडचं बटण दाबता तेव्हा आधी एल्फ फाइल तयार होते, ऑब्जकॉपी तिच्यातून हेक्स फाइल काढतो आणि ती बोर्डवर जाते. ऊनोच्या चिपमध्ये फ्लॅश ३२ केबी, त्यातले ५१२ बाइट बूटलोडरचे, म्हणून तुमच्या वाट्याला ३२,२५६ बाइट. रॅम फक्त २,०४८ बाइट.

इथे हिशेब असा करायचा: फ्लॅशमध्ये टेक्स्ट अधिक डेटा, रॅममध्ये डेटा अधिक बीएसएस. डेटा दोन्हीकडे मोजला जातो, कारण त्याच्या सुरुवातीच्या किमती फ्लॅशमध्ये साठवून चालू होताना रॅममध्ये उतरवाव्या लागतात. आणि या चिपवर अवतरणांत लिहिलेली प्रत्येक ओळ डेटातच जाते. एलसीडीवर दाखवायचे वीस-तीस लांब संदेश लिहिले, की रॅम भरत येते, स्टॅकला जागा उरत नाही आणि बोर्ड मध्येच रीसेट होऊ लागतो. मुलं सेन्सर बदलतात, वायरी बदलतात. आधी एव्हीआर-साइझ चालवा, डेटा आणि बीएसएसची बेरीज २,०४८ च्या किती जवळ आहे ते बघा. मग छापायच्या ओळी एफ (मोठा) या मॅक्रोच्या कंसात घाला, म्हणजे त्या फ्लॅशमध्येच राहतील, आणि पुन्हा एव्हीआर-साइझ चालवा. डेटाचा आकडा किती उतरला ते वहीत लिहून ठेवा, प्रोजेक्टच्या अहवालात तो कामाला येईल.